मुंबई ते तेल अवीव: किलोमीटर तेच, तास मात्र बदलतात



मागच्या हनुक्काला नातू माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या हातात मोबाईल होता. म्हणाला, "सबा, मुंबई काही फार लांब नाही. चार हजार पन्नास किलोमीटर, पाच तास. इथे लिहिलंय."

मी म्हटलं, "मला बावीस तास लागले होते रे."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा वाढवून सांगतोय. पण त्याच्या मोबाईलवरचा आकडाही खरा होता आणि माझाही खराच होता. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे, हे त्याला समजावताना मलाच पुष्कळ गोष्टी नव्याने शोधाव्या लागल्या. त्या इथे मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या माझा नाही. अश्दोद, बेरशेबा, दिमोना, रामला, लोद, कुठेही जा, आपल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी अजून मुंबईत, ठाण्यात, पनवेलला किंवा अलिबागकडे आहे. आणि आपण आता त्या वयात आहोत की तिकडून येणारा फोन बहुतेक लग्नाचा नसतो.

आधी माझे बावीस तास सांगतो. हिवाळ्याचे दिवस होते. सोमवारी रात्री दहाला फोन वाजला. ठाण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून दीड वाजला होता. माझी थोरली बहीण गेली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. आपल्यात दफन थांबवून ठेवत नाहीत. तिच्या मुलाने सांगितलं, "मामा, उद्या चार वाजेपर्यंत थांबतो. त्यापुढे नाही." ठाण्याचे चार म्हणजे आपले साडेबारा. माझ्या हातात साडेचौदा तास होते. सरळ विमान असतं तर विमानतळावरचा वेळ धरूनही पोचलो असतो. पण त्या आठवड्यात सरळ विमान नव्हतं. वाट वाकडी करून, मध्ये एका परक्या विमानतळावर खुर्चीत बसून काढून, मी बुधवारी पहाटे साडेचारला भाच्याच्या दारात उभा राहिलो. माती देऊन बारा तास होऊन गेले होते.

म्हणून मला वाटतं, अंतर आणि वेळ या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या करून बघायला हव्यात. अंतर देवाने ठरवलं. वेळ माणसं ठरवतात, आणि त्यातली बरीचशी माणसं ना आपली असतात ना भारतातली.

सरळ रेघ

मुंबईचा विमानतळ आणि आपला बेन गुरियन (आपण जुनी माणसं अजून लोदच म्हणतो) यांच्यातलं पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सरळ अंतर साधारण ४,०५० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान वर गेलं की ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं. चढणं, उतरणं, थोडंफार वळणं धरून पाच ते साडेपाच तास होतात. नातवाच्या मोबाईलने एवढाच हिशेब केला होता.

आता एक गंमत बघा. दिल्ली ते तेल अवीव हे सरळ अंतरही जवळजवळ तेवढंच आहे, सुमारे ४,०५० किलोमीटर. नकाशा बघून वाटतं की दिल्ली वर आहे, म्हणजे आपल्याला जवळ पडत असेल. तसं नाही. दिल्ली मुंबईच्या उत्तरेला आहे तशी ती पूर्वेलाही सरकलेली आहे, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जाताना आणि येताना वेळ सारखा लागत नाही, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. वर उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. इथून मुंबईला जाताना वारा पाठीमागून ढकलतो. तिकडून येताना तो तोंडावर येतो. म्हणून परतीचा प्रवास अर्धा तास, कधी त्याहून जास्त लांबतो.

तिकिटावरच्या वेळा वाचतानाही गोंधळ होतो. हिवाळ्यात भारत आपल्यापुढे साडेतीन तास असतो, उन्हाळ्यात अडीच. समजा हिवाळ्यात मुंबईहून सकाळी सहाला निघालेलं विमान साडेपाच तासांनी इथे उतरलं, तर घड्याळात आठ वाजलेले असतील. तिकिटावर दोनच तासांचा प्रवास दिसेल. उलट इथून सहाला निघून पाच तासांत मुंबईला पोचलात तरी तिकडे दुपारचे अडीच झालेले असतील. म्हणजे तिकिटावर साडेआठ तास! म्हणून सुटण्याची आणि पोचण्याची वेळ एकमेकांतून वजा करू नका. तिकिटावर प्रवासाचे एकूण तास वेगळे लिहिलेले असतात, ते बघा.

ओटी, माजघर, परसदार

मग ही सरळ रेघ आपल्या विमानांना इतकी वर्षं का मिळाली नाही?

१९४४ साली शिकागोला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की प्रत्येक देशाची आपल्या जमिनीवरच्या आकाशावर पूर्ण मालकी आहे. जमीन ज्याची, आकाशही त्याचंच. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं समुद्रावरचं आकाशही त्याचं. त्यापलीकडे खुल्या समुद्रावर कुणाचीही मालकी नाही.

मुंबई आणि तेल अवीव यांच्यामध्ये काय आहे ते आपल्या कोकणातल्या घरासारखं डोळ्यांपुढे आणा. इथून निघालं की आधी ओटी लागते, ती जॉर्डन. मग मोठं माजघर, म्हणजे सौदी अरेबिया. पुढे स्वयंपाकघर, म्हणजे अमिराती. आणि शेवटी परसदार, ते ओमान. परसदारातून बाहेर पडलं की समोर अरबी समुद्र आणि पलीकडे आपला किनारा. घरातून आरपार जायचं तर या सगळ्यांची परवानगी हवी. एकाने जरी दार लावलं तरी बाकीच्यांनी उघडलेल्या दारांचा उपयोग नाही.

वर्षानुवर्षं ही दारं इस्राएलच्या विमानांना बंद होती. म्हणून एल अलचं मुंबईचं विमान घराला वळसा घालून जायचं. एलातपर्यंत खाली, मग तांबड्या समुद्रावरून थेट दक्षिणेला इथिओपियाच्या दिशेने, बाब-एल-मंदेबच्या बाजूने एडनच्या आखातात, आणि तिथून पूर्वेला वळून मुंबई. नकाशावर हा रस्ता मोजला तर साधारण ५,६०० किलोमीटर भरतो. म्हणजे सरळ रेघेपेक्षा दीड हजार किलोमीटर जास्त. जिथे पाच तास लागायचे तिथे साडेसात तासांच्या वर लागायचे. विमान तेच, वैमानिक तेच, फक्त मधल्या घरमालकांचं आपल्याशी बोलणं नव्हतं.

आणि हे जास्तीचे किलोमीटर फुकटचे नव्हते. अडीच तासांचं इंधन, अडीच तासांचा कर्मचाऱ्यांचा पगार, हे सगळं तिकिटात येतं. आपल्या खिशातून आपण त्या वळशाचे पैसे भरत होतो.

दारं कशी उघडली

हे एका दिवसात झालं नाही. क्रमाने सांगतो.

जानेवारी १९९२ मध्ये भारत आणि इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले. त्याआधी आपल्यातले जे आलिया करून आले त्यांना ठाऊक आहे, मागे वळून घरी जाऊन येणं ही साधी गोष्ट नव्हती. बरेच जण आईवडिलांचा निरोप घेताना हा शेवटचाच असं समजून निघाले होते.

जुलै २०१७ मध्ये नरेंद्र मोदी इथे आले. इस्राएलला आलेले ते भारताचे पहिले पंतप्रधान. तेल अवीवच्या सभेत आपले पुष्कळ लोक गेले होते. तिथे त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या आपल्या कामाच्या होत्या. एक म्हणजे इथल्या सैन्यात सक्तीची सेवा केलेल्यांनाही ओसीआय कार्ड मिळेल. दुसरी म्हणजे दिल्ली, मुंबई आणि तेल अवीव विमानाने जोडली जातील.

२२ मार्च २०१८ ला एअर इंडियाचं दिल्लीहून निघालेलं विमान ओमान, सौदी आणि जॉर्डनवरून इथे उतरलं. इस्राएलला येणाऱ्या प्रवासी विमानाला सौदीने आपल्या आकाशातून जाऊ देण्याची ही पहिलीच वेळ. पण मेख अशी की परवानगी एअर इंडियाला होती, एल अलला नव्हती. भारताचं विमान माजघरातून जायचं आणि इस्राएलचं विमान अजून घराला वळसा घालायचं. एल अलने याविरुद्ध इथल्या वरिष्ठ न्यायालयात अर्जही केला होता. व्यापाराच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं, पण ते दार न्यायालयाच्या हुकमाने उघडणारं नव्हतं.

३१ ऑगस्ट २०२० ला एल अलचं पहिलं विमान सौदीवरून अबू धाबीला गेलं. त्या विमानाचं नाव होतं किर्यात गत. त्या गावात राहणाऱ्या आपल्या मंडळींना आठवत असेल. सप्टेंबरमध्ये अब्राहम करारावर सह्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये जॉर्डनशीही विमानं वरून जाऊ देण्याचा करार झाला. ओटी उघडली.

१५ जुलै २०२२ ला, अमेरिकेचे अध्यक्ष बायडन सौदीत पोचायच्या सुमारास, सौदीने जाहीर केलं की आमचं आकाश सगळ्या कंपन्यांना खुलं आहे. माजघर उघडलं. पण परसदार अजून बंदच होतं. ओमानशिवाय माजघर उघडून पूर्वेकडे जाणाऱ्यांना काय उपयोग? शेवटी २३ फेब्रुवारी २०२३ ला ओमाननेही तीच घोषणा केली. त्या दिवशी पहिल्यांदा इस्राएलच्या विमानाला मुंबईची सरळ वाट कागदावर मोकळी झाली.

म्हणजे चार हजार पन्नास किलोमीटरचं अंतर खऱ्या अर्थाने चार हजार पन्नास व्हायला १९९२ पासून एकतीस वर्षं लागली.

उघडं दार आणि रिकामा रस्ता

त्यानंतर आठच महिन्यांत ७ ऑक्टोबर आला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते मी सांगत नाही. फक्त विमानांपुरतं बोलतो.

एअर इंडियाची तेल अवीवची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. एप्रिलमध्ये पुन्हा थांबली. मे महिन्यात सुरू झाली. ऑगस्टमध्ये परत बंद. मार्च २०२५ मध्ये पुन्हा सुरू. ४ मे २०२५ ला येमेनहून आलेलं क्षेपणास्त्र बेन गुरियनच्या आवारात पडलं, त्या वेळी दिल्लीहून येणारं विमान वाटेतच होतं. ते अबू धाबीला वळवलं आणि सेवा परत बंद झाली. मोजून बघा, एकोणीस महिन्यांत सात वेळा चालू-बंद. आणि जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध झालं तेव्हा तर आपलं सगळं आकाशच बंद होतं. भारत सरकारने तेव्हा इथल्या भारतीय नागरिकांना आधी जमिनीवरून जॉर्डन आणि इजिप्तमध्ये नेलं आणि तिथून विमानाने घरी पोचवलं.

मी इथे कुठल्या कंपनीला दोष देत नाही. ज्या आकाशात क्षेपणास्त्रं उडतायत तिथे दोन-अडीचशे माणसं घेऊन कोण जाईल? आपणही आपल्या मुलाला पाठवलं नसतं. पण यातून एक गोष्ट दिसते. २०१८ ते २०२३ या काळात आपण सगळे एकच गोष्ट मोजत होतो, ती म्हणजे प्रवास किती तासांनी कमी झाला. वर्तमानपत्रंही तेच छापत होती. सेवा किती टिकेल, हे कुणी विचारलं नाही. पाच तासांचं विमान जर गरजेच्या आठवड्यात नसेल, तर ते पाच तास कुणाचे?

जुनं साडेसात तासांचं विमान तरी असायचं. सोमवारी आहे म्हटलं की सोमवारी असायचं. तरुण माणसाला तास महत्त्वाचे, त्याला गोव्याला सुट्टी घालवायची असते, आणि सुट्टी पुढे ढकलता येते. आपल्याला ज्यासाठी जायचं असतं ते पुढे ढकलता येत नाही.

दिल्ली आपली नव्हे

आता मघाची गोष्ट आठवा. दिल्ली आणि मुंबई दोन्ही इथून सारख्याच अंतरावर आहेत. तरी सौदीवरून येणारं पहिलं विमान दिल्लीचं होतं. राजधानी, मोठा विमानतळ, सरकारी माणसांची ये-जा, ही त्याची कारणं समजतात. पण आपली वस्ती दिल्लीत नाही. तिथे एक छोटी मशीद आणि मोजकी कुटुंबं. आपली वस्ती मुंबईत, ठाण्यात आणि रायगडात.

दिल्लीत उतरून मुंबईला जायचं म्हणजे आणखी सुमारे १,१५० किलोमीटर. विमानात दोन तास. त्याआधी दिल्लीत पासपोर्टची रांग, बॅगा उचलून पुन्हा देणं, पुन्हा तपासणी, आणि मग पुढच्या विमानाची वाट. सहा तासांचा प्रवास बारा तासांचा कसा होतो ते कळत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला विमानातले तास तितके त्रास देत नाहीत. त्याला त्रास होतो तो उभं राहण्याचा, लांब चालण्याचा आणि बॅग ओढण्याचा.

त्या मानाने दुबई बरी. हे मला मोजूनच कळलं. दुबई अगदी सरळ रेघेवर बसलेली आहे. इथून दुबई साधारण २,१३० किलोमीटर, दुबईहून मुंबई साधारण १,९२५. दोन्ही मिळून ४,०५५ होतात, म्हणजे दुबईला उतरूनही वाट वाढतच नाही. अबू धाबीचंही तेच, वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक. वाढतो तो फक्त थांबण्याचा वेळ. दोन-तीन तासांचा थांबा असेल तर घरातून निघून दहा-बारा तासांत मुंबईला पोचता येतं. आठ-दहा तासांचा थांबा असला की दिवस गेला. युद्धाच्या काळात युरोपच्या बऱ्याच कंपन्या थांबल्या तरी आखातातली विमानं बराच काळ चालू राहिली, हेही लक्षात घ्यायला हवं. तुलनेला अदिस अबाबाचा रस्ता बघा. इथून दक्षिणेला तिथे आणि तिथून मुंबई, मिळून ६,४०० किलोमीटरच्या आसपास होतं. त्या वाटेनेही आपले लोक गेलेत, अडल्या वेळी तीही वाट चांगलीच. पण सरळ वाटेच्या दीडपटीहून ती लांब आहे, हे तिकीट घेताना माहीत असावं.

घरापासून घरापर्यंत

विमानाचे तास म्हणजे सगळा प्रवास नव्हे. इथे घरातून निघून विमानतळावर तीन तास आधी जायचं, तिथल्या सुरक्षेच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, तिकडे उतरून बाहेर यायचं, आणि मग मुंबईचं ट्रॅफिक. अलिबागला जायचं असेल तर पूर्वी सांताक्रूझ-सहारहून निघून पनवेल, पेण करत संध्याकाळ व्हायची. आपल्याला पाच तासांत समुद्र ओलांडून शेवटच्या शंभर किलोमीटरला आणखी चार तास, असंही झालेलं आहे.

या बाबतीत तिकडे खरोखर काही बदललंय. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून खाडीपलीकडे जाणारा अटल सेतू सुरू झाला. जवळपास २२ किलोमीटरचा हा पूल थेट उरणच्या बाजूला उतरतो. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरमध्ये तिथून देशातली विमानं उडू लागली. हा विमानतळ उलव्याला, पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे.

जरा थांबून विचार करा. आपले पूर्वज जिथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले ते नवगाव याच जिल्ह्यात. पनवेलची मशीद, पेणची, अलिबागची, रेवदंड्याची, सगळ्या याच जिल्ह्यात. एलियाहू हन्नाबीची खंडाळ्याची जागाही इथलीच. आपली आडनावं ज्या गावांवरून पडली त्यातली कितीतरी गावं या विमानतळापासून गाडीने दीड-दोन तासांत आहेत. उद्या आखातातून किंवा थेट इथून विमान तिथे उतरू लागलं, तर मुंबईचं ट्रॅफिक वगळून माणूस सरळ गावाला जाईल. तेव्हा मागणी करायची तर नुसती "मुंबईला विमान द्या" एवढी करून भागणार नाही. कुठल्या विमानतळावर, हेही सांगायला हवं.

आपण काय मागावं, काय करावं

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या समाजाच्या संस्था जेव्हा दूतावासाकडे, पाहुण्या मंत्र्यांकडे निवेदनं देतात, तेव्हा त्यात "कमी वेळ" याऐवजी "ठरलेली सेवा" हा शब्द आधी यावा. आठवड्यातून दोनच विमानं असू देत, पण ती मुंबईची असू देत. आणि सरळ सेवा बंद करावी लागली तर मधल्या विमानतळावरून पुढचं तिकीट जोडून देण्याची सोय असू दे. दफनासाठी जाणाऱ्या जवळच्या नातेवाइकांना शेवटच्या क्षणी चौपट भाडं पडू नये, एवढी माणुसकी मागण्यातही गैर काही नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगतो. शहाणपण शिकवत नाही, मी चुकलो म्हणून सांगतो.

ओसीआय कार्ड करून ठेवा. आज गरज नाही असं वाटतं, पण रात्री फोन आला तर व्हिसाला वेळ नसतो. पासपोर्ट नवा केला असेल तर कार्डावर त्याची नोंद झाली आहे ना, तेही मुलांकडून बघून घ्या.

मध्ये थांबून जायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही घेणंदेणं नसतं. एकाच तिकिटावर असाल तर तुम्हाला पुढे पोचवणं त्यांची जबाबदारी राहते.

इथून सुटणारं किंवा इथे येणारं विमान कंपनीने रद्द केलं, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला आपण तिबी कायदा म्हणतो, पैसे परत किंवा दुसरं तिकीट यातलं एक निवडायचा हक्क तुमचा आहे. युद्धाच्या काळासाठी त्यातले काही नियम नंतर सैल केलेत, तरी विचारल्याशिवाय हक्क सोडू नका. विमा घेताना मात्र स्पष्ट विचारा, युद्धामुळे विमान रद्द झालं तर भरपाई आहे का? पुष्कळ पॉलिसींत ती नसते.

एल अल १९८२ पासून शब्बाथला उडत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. गुरुवारी रात्री बातमी आली तर शुक्रवारचा दिवस फार लहान असतो. अशा वेळी घाबरून कुठलंही तिकीट घेण्यापेक्षा सात दिवसांच्या शोकात पोचायचं ठरवलं तर तब्येत सांभाळून जाता येतं.

चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, त्यात लाज नाही. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, थांबा लांबला तर दोन दिवस पुरतील एवढी. आणि चार तासांच्या वर बसायचं असेल तर मधून मधून उठून चाला, पाय हलवत राहा. पायात गुठळी होणं हे म्हातारपणी फार महागात पडतं.

शेवटचं

नातवाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने मोबाईल खाली ठेवला. मग विचारलं, "सबा, पुढच्या वेळी पाच तासच लागतील का?"

मी म्हटलं, "अंतर तेवढंच राहील बाळा. बाकीचं ओमानला, सौदीला, जॉर्डनला आणि आपल्या इथल्या मंडळींना विचारावं लागेल."

तो म्हणाला, "मग आपण आत्ताच जाऊ या. कुणाचा फोन यायच्या आधी."

पन्नास वर्षांच्या हिशेबात मला जे सुचलं नाही ते त्याला एका मिनिटात सुचलं. आक्का होती तेव्हा दरवर्षी म्हणायची, "मलिद्याला ये रे एकदा." मी दरवर्षी म्हणायचो, विमानं जरा सुरळीत होऊ दे. सुरळीत व्हायची वाट बघता बघता ती गेली.

म्हणून, ज्यांची भावंडं तिकडे आहेत त्यांना एवढंच सांगणं. तब्येत चालत असेल आणि आकाश उघडं असेल, तर या वर्षीच जाऊन या. मुंबई चार हजार पन्नास किलोमीटरवर आहे, उद्याही तिथेच असेल. आपली माणसं असतील का, हे कुठल्याच मोबाईलवर लिहिलेलं नसतं.

शालोम.